ग्रीसच्या तीन गोड वाइन आणि ताटातली त्यांची जागा

अथेन्समधील एका उपाहारगृहात जेवण आटोपल्यावर वाढप्याने पाकात भिजलेल्या बाकलाव्याची वडी आणि तिच्या शेजारी व्हिन्सांतो या गोड वाइनचा छोटा प्याला आणून ठेवला. वडीचा पहिला घास उत्तम होता. त्यावर घेतलेला वाइनचा घोट मात्र पातळ, आंबट आणि काहीसा कडवट लागला, आणि एवढ्या महागड्या पेयाचे कौतुक लोक कशासाठी करतात, असा प्रश्न पडला. उत्तर आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असलेलेच आहे. जिलबी खाऊन लगेच चहा प्यायला, तर तो चहा फिका लागतो. त्यात चहाचा दोष नसतो. बाकलाव्यापुढे त्या वाइनचे तेच झाले होते. दुसऱ्या दिवशी याच जातीची बाटली विकत घेऊन, सोबत मिठाई न ठेवता खारट आणि तिखट चीज ठेवून ती प्यायल्यावर जे हाती लागले, त्यातून पुढची चार संध्याकाळची चाखणी ठरली. हे परीक्षण त्या चाखणीतील तीन वाइनचे आहे: सामोस बेटावरील मस्कत, सांतोरिनीची व्हिन्सांतो आणि पात्रासची माव्रोदाफ्नी.

आरंभ सामोसपासून करतो, कारण नवख्या माणसाने आरंभ तिथूनच करावा. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून असलेल्या या बेटावर आंबेलोस नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्यांवर बारीक मण्यांच्या पांढऱ्या मस्कत द्राक्षांच्या बागा आहेत. या बागा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीपर्यंत पसरलेल्या असल्यामुळे खालची द्राक्षे ऑगस्टमध्ये तयार होतात आणि वरची त्यानंतर कित्येक आठवड्यांनी, त्यामुळे तोडणी बराच काळ चालते. बांध इतके अरुंद आहेत की तिथे यंत्राचा उपयोग नाही. काम हातानेच होते. मस्कतचे वैशिष्ट्य असे की तिच्या वाइनला खुद्द द्राक्षाचा वास येतो. ऐकायला हे विचित्र वाटेल, परंतु बहुतेक वाइनना लिंबाचा, सफरचंदाचा, लाकडाचा किंवा मिरीचा वास येतो, द्राक्षाचा क्वचितच.

सामोसची वाइन बनवणारी मुख्य संस्था म्हणजे 1934 साली स्थापन झालेला तेथील द्राक्ष उत्पादकांचा सहकारी संघ. सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशात वाढलेल्या वाचकाला या संघाच्या इतिहासात रस वाटेल असे मला वाटते. व्यापाऱ्यांकडून होणाऱ्या पिळवणुकीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी म्हणून कायद्याने प्रत्येक उत्पादकाला संघाचे सभासद होणे आणि संपूर्ण द्राक्षे संघालाच घालणे सक्तीचे केले गेले; पुढे हीच सक्ती स्वतःची वाइन स्वतः बनवू पाहणाऱ्यांना जाचक वाटू लागली, प्रकरण न्यायालयांत गेले आणि अखेर 2015 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अशा सक्तीच्या सभासदत्वाने संघटनस्वातंत्र्याचा भंग होतो असा निर्णय दिला. संघाचे हित आणि सभासदाचे स्वातंत्र्य यांतील ही ओढाताण आपल्याला नवी नाही. वाइनच्या दर्जापुरते बोलायचे, तर संघाचे काम चोख आहे, आणि त्या दर्जाच्या मानाने बाटलीची किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी आहे.

संघाच्या गोड वाइन अनेक आहेत; त्यांतल्या दोन मी चाखल्या. पहिली ‘व्हॅं दू’. हिच्यात द्राक्षरस आंबायला लागण्याच्या सुमारासच द्राक्षांपासून काढलेला मद्यार्क मिसळतात. मद्यार्काचे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास गेल्यामुळे यीस्टचे काम थांबते आणि फळातली साखर जशीच्या तशी राहते. म्हणून या वाइनमध्ये ताज्या फळाचा आणि फुलांचा वास टिकतो. मोगरा, संत्र्याची साल आणि ताजा गुलकंद, असे माझ्या टिपणवहीत लिहिलेले आहे. दुसरी ‘नेक्तार’, आणि तिची रीत निराळी आहे. हिच्यासाठी द्राक्षे तोडल्यावर उन्हात वाळवतात, त्यामुळे पाणी उडून साखर इतकी घट्ट होते की आंबवण्याची क्रिया बाहेरचा मद्यार्क न घालता आपोआप मंदावून थांबते. त्यानंतर ती कित्येक वर्षे ओकच्या पिंपांत मुरते. रंग तुपाळ सोनेरी न राहता काकवीकडे झुकतो, वासात वाळलेले जर्दाळू, मध, अक्रोड आणि किंचित कॉफी येते. व्हॅं दू सर्वांना आवडेल. नेक्तारला थोडा वेळ द्यावा लागतो. माझे मत नेक्तारच्या बाजूने आहे.

आता सोबतीच्या पदार्थांविषयी. व्हॅं दू थंडगार, आठ ते दहा अंशांवर ओतावी आणि तिच्यासोबत फेटा या खारट चीजची वडी फिलोच्या, म्हणजे कागदासारख्या लाटलेल्या कणकेच्या, पातळ पदरात गुंडाळून, तळून, वर मध आणि तीळ घातलेला पदार्थ घ्यावा. ग्रीसच्या उपाहारगृहांत हा पदार्थ जेवणाच्या आरंभी मिळतो, शेवटी नाही. परंतु व्हॅं दूची सोबत करायला त्याच्याइतका योग्य पदार्थ मला आढळला नाही, कारण फेट्याचा खारटपणा वाइनच्या गोडीला आवर घालतो आणि वरचा मध मस्कतच्या वासाशी सहज मिळतो. बदामाची पूड आणि साखर यांची ‘अमिग्दालोता’ नावाची मऊ बिस्किटे बेटाबेटांवर मिळतात. त्यांत पाक नसल्यामुळे तीही चालतात. पिकलेले खरबूज, पीच आणि ताजे अंजीर यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको. नेक्तारसोबत मात्र फळे दुबळी पडतात. तिला नाक्सोस बेटाचे जुने मुरलेले ग्राव्हिएरा चीज हवे. गाईच्या दुधाच्या त्या कठीण चीजमध्ये मुळातच एक खरपूस गोडी असते आणि ती पिंपातल्या मुरलेल्या चवीला हात देते. निळ्या बुरशीचे तीव्र चीज मिळाले तर आणखी उत्तम.

सांतोरिनीच्या व्हिन्सांतोवर अधिक लिहिणे भाग आहे, कारण या तिन्हींत ती सर्वांत थोर आहे आणि तिच्यावर सर्वाधिक अन्यायही होतो. बेट ज्वालामुखीचे आहे. साडेतीन हजार वर्षांपेक्षाही पूर्वी झालेल्या महास्फोटानंतर राख आणि सच्छिद्र दगड यांचे जाड थर तिथे साचले आणि त्याच मातीत वेली वाढतात. या मातीत चिकणमाती जवळजवळ नसल्यामुळे, एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या द्राक्षबागा संपवणारी फायलॉक्सेरा ही कीड तिथे तग धरू शकली नाही, म्हणून तिथल्या वेली परक्या खुंटावर कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. ‘उभ्या’ हा शब्द खरे तर चुकला. वाऱ्यापासून आणि उन्हापासून घड वाचावेत म्हणून तिथले शेतकरी वेलीच्या फांद्या गोल गोल विणून जमिनीलगत टोपली करतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. पाऊस जेमतेम, समुद्रावरून रात्री येणाऱ्या दमट हवेवर वेल जगतो. अशा बागेचे उत्पन्न अल्प असते, आणि त्या अल्प द्राक्षांना पुन्हा वाळवून त्यांचा रस काढायचा, म्हटल्यावर अर्ध्या लिटरच्या बाटलीची किंमत वाचून डोळे विस्फारले तरी ती अन्याय्य आहे असे म्हणता येत नाही.

वाळवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तोडलेले घड उघड्यावर पसरून साधारण दोन आठवड्यांपर्यंत उन्हात ठेवतात. आपल्याकडे तासगाव परिसरात बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून, शेडमधल्या जाळ्यांवर, सावलीत आणि वाऱ्यावर वाळवतात, कारण रंग हिरवट-पिवळा राहावा ही बाजाराची मागणी असते. सांतोरिनीला रंगाची फिकीर नाही, उलट उन्हाने येणारा तपकिरी रंग आणि भाजल्यासारखी चव हेच त्यांना हवे असते. बेदाणा होण्याच्या अलीकडेच द्राक्षे दाबून काढलेला रस मधासारखा घट्ट असतो. तो अतिशय सावकाश आंबतो आणि आंबणे थांबते तेव्हा लिटरमागे 200 ग्रॅमहून अधिक साखर शिल्लक असणे मुळीच असामान्य नाही. नियमाप्रमाणे या वाइनमध्ये किमान 51 टक्के असिर्तिको जातीची द्राक्षे असावी लागतात, बाकीचा भाग मुख्यतः आइदानी आणि आथिरी या जातींचा असतो, आणि ओकच्या पिंपात ती निदान 24 महिने मुरावी लागते. नामांकित वाइनघरे तिला याच्या कितीतरी पट अधिक काळ पिंपात ठेवतात.

सगळी किमया असिर्तिकोची आहे. कडक उन्हातही हे द्राक्ष आपला आंबटपणा सोडत नाही, आणि वाळल्यावर साखरेबरोबर तो आंबटपणाही घट्ट होतो. म्हणून व्हिन्सांतो तोंडात पहिल्यांदा काकवी, वाळलेले अंजीर, भाजलेली कॉफी आणि संत्र्याच्या सालीचा मुरांबा अशी पसरते, आणि गिळल्याबरोबर आमसुलासारखी एक तीक्ष्ण कड येऊन जीभ धुऊन टाकते. ही कड नसती, तर एवढी साखर दोन घोटांत नकोशी झाली असती. बाकलाव्याच्या पाकाने नेमके हेच बिघडते: पाक वाइनमधली गोडी झाकून टाकतो आणि मागे फक्त आंबटपणा उरतो. चीज याच्या उलट करते. खारटपणामुळे गोडी उठून दिसते आणि चीजच्या स्निग्धपणाला ती कड कापते. किक्लादेस बेटांवर होणारे ‘कोपानिस्ती’ हे मऊ, आंबवलेले, मिरपुडीसारखे झणझणीत चीज पावाच्या कडक तुकड्यावर लावून त्यावर व्हिन्सांतोचा घोट घेतल्यावर, त्या आधीच्या रात्री आपण काय गमावले, हे कळले. चार संध्याकाळींतील सर्वांत चांगला घास हाच.

मिठाईच हवी असेल, तर बेटाचीच ‘मेलितिनिया’ घ्यावीत. ईस्टरच्या सुमारास घरोघर होणारी ही चिमुकली टोपलीच्या आकाराची पेस्ट्री असते. आत मिझिथ्रा नावाचे मऊ ताजे चीज, साखर आणि मस्तिकी या झाडाच्या डिंकाचा सुवास, वर पाक नाही. ती आपल्याला खव्याच्या करंजीची लांबची बहीण वाटेल. तिळाची आणि मधाची ‘पास्तेली’, म्हणजे आपली तिळाची चिक्कीच, हीसुद्धा चालते, परंतु तुकडा लहान असावा.

पाकातल्या मिठाईसोबत ग्रीक माणूस स्वतः काय पितो, हेही पाहिले. बहुतेक वेळा कडवट कॉफी आणि गार पाणी. घरी आलेल्या पाहुण्याला तिथे काचेच्या छोट्या बशीत चमचाभर मुरवलेले फळ, म्हणजे ‘चमच्याचे गोड’, आणि शेजारी पाण्याचा पेला देण्याची जुनी पद्धत आहे. ते पाहून गूळ-पाण्याची आठवण न झालेला मराठी माणूस विरळा. सांगायचे एवढेच, की बाकलाव्याबरोबर गोड वाइन ही जोडी पर्यटकांच्या यादीत जितकी दिसते तितकी तिथल्या घरांत मला दिसली नाही.

नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण दुकानात गोंधळ होतो. ‘व्हिन्सांतो’ हे नाव सांतोरिनीवरून आले असे ग्रीक सांगतात, आणि सांतोरिनी हे नाव संत इरिनीवरून. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी बेटाला आणि तिथल्या वाइनला ही ओळख दिली. इटलीतील तोस्काना प्रांताची ‘विन सांतो’ ही निराळी वाइन असून ती दोन शब्दांत लिहिली जाते. लेबलावर सांतोरिनीचे नाव आहे ना, हे पाहून घ्यावे. एके काळी या वाइनचे मोठे गिऱ्हाईक रशिया होते. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रसाद म्हणून देण्यासाठी ती जहाजांनी जात असे, आणि 1917 च्या क्रांतीनंतर हा व्यापार बसला. आज मागणी पुन्हा आहे, पण बेटावर जमिनीचा भाव हॉटेलांनी ठरवलेला आहे आणि द्राक्षबागा आकसत चालल्या आहेत.

माव्रोदाफ्नीविषयी माझे मत मिश्र आहे. ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनीस या द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरील पात्रास शहराजवळ गुस्ताव क्लाउस या बव्हेरियन गृहस्थाने 1861 मध्ये ‘आखाइया क्लाउस’ हे वाइनघर उभारले आणि काळ्या रंगाच्या माव्रोदाफ्नी द्राक्षापासून पोर्ट या पोर्तुगालच्या गोड वाइनच्या धर्तीवर, अर्धवट आंबलेल्या रसात मद्यार्क मिसळून, गोड लाल वाइन बनवली. नावाचा अर्थ ‘काळी दाफ्नी’. क्लाउसच्या अकाली गेलेल्या काळ्या डोळ्यांच्या प्रेयसीचे हे नाव असल्याची कथा तिथे आवडीने सांगतात, परंतु दाफ्नी म्हणजे ग्रीक भाषेत तेजपत्त्याच्या जातीचे झाड आणि त्याची फळे काळी असतात, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. कथा विकली जाते, झाड विकले जात नाही.

या वाइनमध्ये माव्रोदाफ्नीबरोबर काळ्या कोरिंथ जातीची बारीक द्राक्षेही घालण्याची मुभा आहे. ही तीच द्राक्षे, ज्यांच्या चिमुकल्या मनुकांना इंग्रजीत कोरिंथ शहरावरूनच ‘करंट’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पेलोपोनीसच्या शेतकऱ्यांनी या मनुकांवर भिस्त ठेवून सर्वत्र त्याच वेली लावल्या आणि 1893 च्या सुमारास भाव कोसळल्यावर हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यांतली बरीच अमेरिकेच्या वाटेला लागली. एकाच पिकाच्या मागे सगळा तालुका धावल्यावर काय होते, हे सांगायला आपल्याला ग्रीसची गरज नाही. मात्र बाटली निवडताना हे मिश्रण महत्त्वाचे ठरते. कोरिंथचे प्रमाण जास्त असेल आणि मुरवण कमी, तर वाइन नुसतीच गोड आणि चपटी होते.

असा अनुभव मला पहिल्याच बाटलीत आला. सुपरमार्केटच्या सर्वांत खालच्या फळीवरून, किंमत पाहून, घेतलेली ती माव्रोदाफ्नी खोकल्याच्या औषधासारखी होती. तिचे नाव इथे देत नाही, कारण तशा बाटल्या एकाच कंपनीच्या नाहीत. दुसरी बाटली दुकानदाराला विचारून, पिंपात दीर्घकाळ मुरलेली अशी घेतली आणि ती वेगळीच निघाली: आलुबुखार, खजूर, कोको, थोडी तंबाखूची पाने, आणि शेवटी द्राक्षाच्या सालीचा बारीकसा तुरटपणा. हा तुरटपणा तिचे वैभव आहे, कारण इतर दोन वाइनमध्ये तो नाही आणि चॉकलेटशी गाठ पडते तेव्हा तोच उपयोगी येतो. सत्तर टक्के कोकोचे कडू चॉकलेट व्हिन्सांतोला चिरडून टाकते. माव्रोदाफ्नी त्याच्यापुढे टिकते. अक्रोड, दालचिनी आणि लवंग घातलेला ‘कारिदोपिता’ हा केकही तिच्याबरोबर चांगला लागतो, मात्र वर ओतलेला पाक बेताचा हवा, आणि ग्रीक मिठाईवाल्याकडून पाक बेताचा मिळण्याची आशा फार धरू नये. वाळलेले अंजीर आणि अक्रोड एवढेच ताटलीत घेतले तरी काम भागते. तिला फ्रिजमधल्या थंडीत पिऊ नये; पंधरा-सोळा अंश पुरेत, नाहीतर तुरटपणा कर्कश होतो.

याच तीन जातींच्या बाटल्या पुण्याला आणण्यासाठी मी पुन्हा घेतल्या आणि दिवाळीनंतर उरलेल्या फराळावर त्यांची परीक्षा केली. निकाल थोडक्यात देतो. अनारसा आणि व्हिन्सांतो ही जोडी मनापासून आवडली, कारण गुळाचा खरपूसपणा आणि खसखस यांना त्या काकवीसारख्या चवीत जागा मिळते आणि अनारसा फार गोडही नसतो. नेक्तारने खारे काजू आणि भाजलेले बदाम यांच्याबरोबर सर्वांना जिंकले. श्रीखंड तिन्हींबरोबर फसले. दह्याचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांवर तुटून पडतात आणि मधल्या मध्ये केशर-वेलचीचा जीव जातो. पाकातल्या चिरोट्यांचे काय झाले असेल, ते बाकलाव्यावरून ओळखावे. चकलीबरोबर व्हॅं दूसारखी तरुण मस्कत बरी लागली असती, असे वाटून गेले, पण ती आम्ही अथेन्समध्येच संपवली होती.

घेणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. नेक्तार आणि व्हिन्सांतो बहुधा अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत येतात आणि चार-सहा जणांना तेवढी पुरते, कारण एका वेळी साठ-सत्तर मिलिलिटरपेक्षा अधिक कोणी पीत नाही. प्याला मात्र लिकरचा अंगठ्याएवढा नसावा, नेहमीच्या पांढऱ्या वाइनचा लहान प्याला घ्यावा, नाहीतर वास कुठून येणार? उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर पिंपात मुरलेल्या या वाइन काही आठवडे चांगल्या राहतात, व्हॅं दू मात्र लवकर संपवावी. माव्रोदाफ्नीचा तळ उरला तर तो भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या रश्शात घालावा. पात्रासकडे तसे करतात आणि रस्सा चकचकीत, दाट होतो.

एकच बाटली घ्यायची असेल तर नेक्तार घ्यावी, कारण किंमत आणि दर्जा यांचा मेळ तिच्याइतका दुसरीत नाही. खिशाची चिंता नसेल तर व्हिन्सांतो, आणि तिच्यासोबत कोपानिस्ती मिळेपर्यंत ती उघडू नये. चौथे नाव मोनेम्वासियाच्या माल्वाझियाचे हवे होते: व्हेनिसच्या जहाजांनी मध्ययुगात युरोपभर पोहोचवलेली, पुढे मूळ गावातूनच नाहीशी झालेली आणि 2010 मध्ये संरक्षित नामांकन मिळवून परतलेली ही वाइन मी दुकानात हातात घेऊन पाहिली. परदेशातून येताना प्रवाशाला शुल्काविना दोन लिटर मद्य आणता येते. माझ्या तीन बाटल्यांचे पावणेदोन लिटर झाले होते, आणि पाव लिटरची माल्वाझिया त्या दुकानात नव्हती.